बारा लाखांची सुई

दर २१ दिवसांनी येणाऱ्या गोष्टीचा एक फायदा असतो, वार बदलत नाही. आमचा शनिवार ठरलेला आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटली की मी उचगावला घरी येतो, मुलगी तयार होऊन दारात उभी असते, आणि आम्ही दोघे कोल्हापूरला निघतो. तावडे हॉटेल, ताराराणी चौक, दसरा चौक. तिथून चालत सीपीआर. ओपीडी बंद व्हायच्या आत पोचायचे असल्यामुळे वाटेत चहा नाही, कुणाशी बोलणे नाही. गेली तीन वर्षे हे चालू आहे.

इंजेक्शनचे नाव मोठे आहे, बेंझाथिन पेनिसिलिन. सिस्टर मात्र एकमेकींना सांगताना फक्त 'बारा लाख' म्हणतात. त्यात १२ लाख युनिट औषध असते. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा माझी मुलगी ११ वर्षांची होती आणि तापाने फणफणलेली असूनही तिने मला विचारले होते, "अब्बा, बारा लाख रुपये?" शेजारच्या बाकावरची बाई हसली. सरकारी दवाखान्यात ते आम्हाला फुकट मिळते.

प्रकरण साधे सुरू झाले. घसा दुखला, दोन-चार दिवसांत बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग तो उतरला आणि घोटा सुजला, मग मनगट. सांधा बदलत फिरणारे दुखणे आणि सोबत ताप. याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूशी लढायला शरीर जे सैन्य उभारते, ते जंतू मेल्यावर चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते. सांधे पूर्ववत होतात. झडप होईलच असे नाही. आणि पुन्हा घसा आला तर पुन्हा तेच, प्रत्येक खेपेला झडप थोडी अधिक जाड, थोडी अधिक कडक. म्हणून जंतूला घशात पायच ठेवू द्यायचा नाही, यासाठी रक्तात पेनिसिलिनचा पहारा कायम ठेवायचा. पहारा साधारण तीन आठवडे टिकतो, म्हणून २१ दिवस. निदान वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, झडपेत दोष राहिला तर त्याहून पुढे. वर्षाला सतराएक सुया. दहा वर्षांच्या पावणेदोनशे होतात. हा हिशेब मी मुलीला सांगितलेला नाही, पण ती गणितात माझ्यापेक्षा बरी आहे.

ज्यांनी ही सुई घेतली आहे त्यांना तिच्याबद्दल सांगायला नको. औषध दुधासारखे पांढरे आणि दाट, पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगते. सुई जाड लागते. बारीक सुई घेतली किंवा देणाऱ्याचा हात मधेच थांबला तर सुई तुंबते आणि पुन्हा टोचावे लागते. कमरेखाली दिल्यावर दिवसभर पाय ओढत चालावे लागते. आधी कातडीत थोडेसे औषध टोचून रिअॅक्शन येते का ते पाहायचे, मग पडद्याआड मुख्य इंजेक्शन, मग पुन्हा अर्धा तास बसायचे. मी पडद्याच्या बाहेर असतो. आतून सिस्टरचा आवाज येतो, "पाय ढिला सोड, बाळा." मुलीचा आवाज येत नाही. ती दातात दुपट्टा धरते.

या बाहेर बसण्याच्या वेळात मी वाचायला लागलो. आपल्याकडे 'मुसलमान आणि वैद्यक' म्हटले की लेख इब्न सिनापासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. वडिलांची जुनी हवेली दाखवत फिरण्यातला हा प्रकार आहे. इब्न सिना थोर होते. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुफ्फुसातून फिरून डाव्या बाजूला येते हे लिहून ठेवले, हेही थोर. पण बाकावर बसलेल्या बापाला वेगळे प्रश्न पडतात. ही सुई इथपर्यंत आली कशी? आणि आपल्या लोकांनी तिला कधी दार उघडले, कधी लावून घेतले?

आधी बाक ज्या इमारतीत आहे तिच्याबद्दल. जुने कोल्हापूरकर सीपीआरला अजून 'थोरला दवाखाना' म्हणतात. काळ्या दगडाची ही इमारत १८८१ ते १८८४ या काळात उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी इथला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा आखला. तेव्हा नाव होते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून. पुढे छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव आले, आणि आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. ही इमारत बांधली गेली तेव्हा पोकळ सुईची पिचकारी तीसएक वर्षांची झाली होती. १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्रावाझ यांनी ती स्वतंत्रपणे वापरात आणली. पण त्या पिचकारीत भरायला तेव्हा फारसे काही नव्हते. वेदना थांबवायला अफूचा अर्क, आणि बस्स.

आपल्या मुलखात सामान्य माणसाची आणि सुईची मोठी गाठ पडली ती प्लेगाच्या वेळी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले. ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

लस तयार झाली, पण घेणार कोण? सरकारवर विश्वास नव्हता, आणि नसायला कारणे होती. घरात घुसून तपासणी, माणसे उचलून नेणे, सामान जाळणे. पुण्यात रँडचा खून झाला तो याच वर्षीच्या जूनमध्ये. आणि पुढच्या वर्षी, ९ मार्च १८९८ ला, मुंबईत रिपन रोडला जी दंगल पेटली ती मुसलमान विणकरांची, जुलाह्यांची. कारण काय? १२ वर्षांची एक आजारी मुलगी. प्लेगाचा संशय म्हणून पथक तिला न्यायला आले आणि घरच्यांनी नकार दिला. परका पुरुष आपल्या मुलीला तपासणार, उचलून नेणार, ती परत येईल याची हमी नाही. जमाव जमला, गोळीबार झाला, माणसे मेली. मी पडद्याबाहेर बसतो तेव्हा त्या घरच्यांचा विचार मनात येतो. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांच्यासमोर 'पाय ढिला सोड, बाळा' म्हणणारी सिस्टर नव्हती, पडदा नव्हता, पुढच्या तारखेचे कार्ड नव्हते. पोलीस होते.

त्याच मुंबईत, त्याच काळात दुसरी गोष्ट घडली. खोजा इस्माइलींचे इमाम, तिसरे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांची जमातही टोचून घ्यायला तयार नव्हती. त्यांनी उपदेश केला नाही. सगळ्यांदेखत बाही वर करून हाफकिनची लस टोचून घेतली आणि ही बातमी लवकरात लवकर, शक्य तितक्या दूर पोचेल याची काळजी घेतली. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सांगितले आहे. जमातीतले हजारो लोक पुढे आले. आपला खुश्रू लॉज हा बंगलाही त्यांनी हाफकिन यांना कामासाठी दिला. पुढे १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. आता कुणी म्हणेल, ते इस्माइली, आपले काय? मला हा प्रश्न फार छोटा वाटतो. एका ज्यू शास्त्रज्ञाची लस एका मुसलमान इमामाने भर सभेत घेतली, ही गोष्ट आपल्या मदरशात आणि शाळेत शिकवावी इतकी चांगली आहे.

पण भीतीलाही आधार मिळत राहिला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर केले. बाटलीत जंतू गेले ते गावात, ती उघडताना, हे मान्य व्हायला आणि त्यांच्यावरचा डाग पुसायला पाच वर्षे लागली. लाखोंना वाचवणारी लस आणि एक बाटली, लोकांच्या लक्षात बाटलीच राहिली.

मला हे ओळखीचे वाटते. मुलीचे दुखणे सुरू झाले तेव्हा मी आधी घराजवळच्या एका दवाखान्यात विचारले, इथे द्याल का, दर २१ दिवसांनी शहरात जाणे जड जाते. डॉक्टर माझ्या चांगल्या ओळखीचे. ते म्हणाले, "सर, बाकी काहीही सांगा. पेनिसिलिन नको. रिअॅक्शन आली तर मी काय करू?" दुसरीकडेही तेच. रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर मिनिटांत माणूस जाऊ शकतो, हे खरे आहे. त्यांच्यावर माझा राग नाही, म्हणजे आता नाही. पण कुठेतरी कुणालातरी आलेल्या एका रिअॅक्शनची गोष्ट डॉक्टरांच्या मनात घर करून बसते आणि मुलांच्या झडपा आक्रसत जातात, हे मुल्कोवालच आहे, उलट बाजूने.

आता पेनिसिलिन. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशी दिसली ही गोष्ट आठवीच्या मुलांनाही ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते टोचले. तो मरणाच्या दारात होता, चार दिवसांत उठून बसला. पण औषध पुरत नव्हते. शरीर पेनिसिलिन ठेवून घेत नाही, काही तासांत लघवीवाटे टाकून देते. म्हणून त्याची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन पुन्हा काढून त्यालाच टोचत होते. शेवटी साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. 'टिकत नाही' हीच पेनिसिलिनची अडचण होती. दर तीन-चार तासांनी सुई, रात्रंदिवस. हे सोसणार कोण? १९५० नंतर अमेरिकेत बेंझाथिन पेनिसिलिन निघाले, न विरघळणारे, स्नायूत गाठीसारखे बसून आठवडेच्या आठवडे थोडे थोडे रक्तात उतरणारे. न्यूयॉर्कचे जीन स्टॉलरमन यांनी १९५२ मध्ये ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या मुलांना ते महिन्याला एकदा देऊन दाखवले. जी गोष्ट या सुईला इतकी दुखरी बनवते, तीच तिचा गुण आहे. मुलीला हे समजावले तेव्हा ती म्हणाली, "मग दुखू दे," आणि पुढच्या खेपेला पुन्हा तितकीच रडवेली झाली.

आपल्या देशात पेनिसिलिन बनू लागले ते पिंपरीला. हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखी या कारखान्यासाठी आग्रही होते. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. गरिबाच्या मुलालाही पेनिसिलिन मिळावे, हा त्यामागचा विचार.

इथपर्यंत इतिहास परक्यांचा होता. आता घरचा.

माझी आपा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. १९८३ मध्ये, ती १२ वर्षांची असताना, तिचे सांधे सुजले. हेच दुखणे, हीच सुई. मला आठवते ते १९८५-८६ चे. मी पहिली-दुसरीत होतो आणि तिच्याबरोबर जायचा हट्ट करायचो, कारण परतताना अब्बा भजी घ्यायचे. तेव्हा सिरिंज काचेची असायची. स्टीलच्या डब्यात पाणी उकळत असायचे, त्यातून चिमट्याने सिरिंज आणि सुया काढायच्या. त्याच सुया पुन्हा पुन्हा. बोथट झालेल्या. आपा ओरडायची नाही, पण तिचा हात माझ्या मनगटाभोवती असायचा आणि तिथे लाल वळ उठायचा.

१९८६ नंतर सुया बंद झाल्या. बंद कुणी केल्या हे सांगणे अवघड आहे. अब्बांचा रोज बुडायचा. रमजानमध्ये दोन चुकल्या, कारण सुईने रोजा मोडतो असे मोहल्ल्यात सगळेच म्हणत. आपाला बरेही वाटत होते, आणि बरे असलेल्या मुलीला सुई कशाला? पण खरे कारण मला मोठेपणी कळले. ती पंधरा वर्षांची झाली होती. एका नातेवाईक बाईने अम्मीला सांगितले होते, दर महिन्याला मुलीला दवाखान्यात नेता, लोक विचारतात. दिल की मरीज म्हणून नाव झाले तर पैगाम कोण आणील?

पैगाम आला. १९९२ मध्ये निकाह झाला. सासरी काहीही सांगितले नव्हते. १९९४ च्या पावसाळ्यात, पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात तिला रात्री आडवे होता येईना. बसून श्वास घ्यायची. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे जात नाही, मागे फुफ्फुसात साचते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा सगळ्यांना वाटले, गरोदर बाईला दम लागतोच. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. ती २३ वर्षांची होती. मी पंधरा.

म्हणून अम्मी माझ्या मुलीच्या सुईबद्दल दोन गोष्टी एकाच दमात बोलते, "एकही चुकवू नको" आणि "कुणाला सांगू नको". या दोन्ही वाक्यांमागे आपा आहे, हे मला कळते. तरीही मी हे लिहितो आहे. मुलीला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "माझं नाव टाकू नका. आपाफुफीचं सगळं लिहा."

रोजाचा प्रश्न मात्र या घरात अजून मिटलेला नव्हता. रमजान २९ किंवा ३० दिवसांचा, त्यामुळे त्यात एक सुई येतेच, कधी दोन. तीन वर्षांपूर्वी अम्मी ठामपणे म्हणाली, "सुई लिए तो रोजा जाता." मी वाद घातला नाही, पुस्तक काढले. उर्दू शिकवण्याचा घरात झालेला हा सर्वांत मोठा उपयोग. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी नव्या यंत्रांबद्दलच्या शरई हुकुमांवर उर्दूत पुस्तक लिहिले आहे, त्यात इंजेक्शनचीही चर्चा आहे. मुद्दा असा की रोजा मोडतो तो शरीराच्या नैसर्गिक वाटेने काही पोटात गेले तर. स्नायूत टोचलेली सुई ती वाट नव्हे. पुढे १९९७ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनेही ठराव करून सांगितले की पोषण देणारी सोडून कातडीतली, स्नायूतली, शिरेतली इंजेक्शने रोजा मोडत नाहीत. शिवाय आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत तर थेट सूरह बकरामध्ये आहे. म्हणजे आपाच्या दोन सुया चुकल्या त्या दीनमुळे नव्हे. पुस्तक तेव्हाही होते. मोहल्ल्यात ते कुणी वाचून दाखवले नाही.

अम्मीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "किताब में है तो ठीक है." मग थोड्या वेळाने, "लेकिन पोरीने दुपारी घोटभर पाणी प्यायलं तर अल्ला रागावणार नाही." हृदयाच्या डॉक्टरांना विचारले. झडपेतली गळती किरकोळ आहे, थकवा आला तर रोजा सोडायचा, या अटीवर त्यांनी हो म्हटले.

या शनिवारी तिचा दहावा रोजा होता. ओपीडीत गर्दी कमी होती. शेजारी हुपरीचा एक चांदी कारागीर आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता, त्याची दुसरीच सुई. मुलगा पडद्याकडे बघून मागे सरकत होता. माझी मुलगी त्याला म्हणाली, "पाय ढिला सोडला की कमी दुखतं. आणि आत गेल्यावर उलटे आकडे मोजायचे, शंभरपासून." मी तीन वर्षे पडद्याबाहेर बसतो आहे, ती आत आकडे मोजते हे मला पहिल्यांदाच कळले. मुलाच्या वडिलांनी विचारले, कितवी? ती म्हणाली, चोपन्नावी.

अर्ध्या तासाने सिस्टरनी कार्डावर पुढची तारीख टाकली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून थांबल्या. "सर, त्या शनिवारी ईद येते की. सुट्टी असणार." मी म्हटले, चंद्र दिसला तर शुक्रवारीसुद्धा होईल. त्यांनी तारीख खोडली. "मग गुरुवारीच या. दोन दिवस लवकर चालेल, उशीर नको." गुरुवारी शाळा पूर्ण वेळ असते, रजेचा अर्ज टाकावा लागेल. बाहेर पडताना मुलगी पाय ओढत, बोटांवर मोजत होती. एकोणतिसावा रोजा. त्याच दिवशी तिला बांगड्यांसाठी महाद्वार रोडला जायचे होते. मी म्हटले, सुई घेतल्यावर इतके चालवेल का? ती म्हणाली, आधी बांगड्या, मग सुई.